गुरुवारी उसनी नेलेली नळी

मी एक जुना सकर आहे. म्हातारपणी राग निवतो असे लोक म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो का निवलेला नाही तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

मित्रांनो, लस टोचून घ्यायला तुम्ही आमच्या प्रसूतिगृहात येता. रांगेत उभे असताना दाराजवळच्या काचेच्या कपाटात डोकावता आणि माझ्याबद्दल भांडता. परवा एकजण म्हणाला, हा छोटा हुक्का आहे. दुसरी म्हणाली, डॉक्टरांचे कानाला लावायचे यंत्र आहे, तुटलेले. मी दोन्ही नाही. लिंबाएवढा काचेचा फुगा, त्याला वरच्या अंगाला दोन तोट्या आणि प्रत्येक तोटीला एक लाल रबरी नळी, एवढाच माझा देह. एक नळी लांब, एक आखूड. काच म्हणजे मी खरा, पण नळ्या काढून घेतल्या तर मी नुसती बाटली आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कादरभाई नावाचा कारागीर ज्योतीपुढे बसून काच फुंकायचा. तापलेल्या काचेत त्याने आपल्या छातीतला वारा भरला आणि मी फुगलो. माणसाच्या श्वासातून मी झालो आणि श्वासाच्याच कामाला लागलो. चिंचवडला तेव्हा कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहत होत्या. सोलापूर, लातूर, बीड, रत्नागिरी, कुठून कुठून माणसे कामाला येत होती. त्यांच्या वसाहतीत कामगारांच्या समितीने चार खाटांचे हे प्रसूतिगृह काढले. मला एका पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवले आणि कुसुमताईंच्या ताब्यात दिले.

कुसुमताई आमच्या सिस्टर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी सगळे ताईच. त्यांचा हात हलका होता आणि जीभ जड. बाळंतिणीच्या केसांवरून हात फिरवता फिरवता त्या तिच्या नवऱ्याला असे काही सुनावत की तो बिचारा विडी विझवून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राही.

आता माझे काम सांगतो. आईच्या पोटात बाळ पाण्यात असते. तिथे त्याला हवा लागत नाही, हवे ते सगळे नाळेतून मिळते. बाहेर आल्यावर मात्र पहिला श्वास त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. बहुतेक बाळे तो घेतात, मोठ्याने रडतात, आणि मग माझी काही गरज नसते. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात मला खुपसू नये, त्याला पुसावे, कोरडे करावे, उबेत ठेवावे. पण एखादे बाळ रडत नाही. त्याच्या तोंडात, घशात चिकटा भरलेला असतो. कधी बाळाने पोटातच शी केलेली असते, मग पाणी हिरवे होते आणि चिकटा घट्ट होतो. अशा वेळी ताई माझी आखूड, मऊ नळी बाळाच्या तोंडात अलगद सोडत. लांब नळी स्वतःच्या ओठांत धरत आणि हळूच ओढत. चिकटा माझ्या फुग्यात पडे. ताईंच्या तोंडात जात नसे आणि बाळाच्या छातीत उतरत नसे. आधी तोंड, मग नाक. नाक आधी मोकळे केले तर बाळ दचकून श्वास घेते आणि तोंडातली घाण आत ओढते. एवढेच माझे शास्त्र. पण ते त्या घडीला हाताशी लागते. उद्या चालत नाही, जरा वेळाने चालत नाही.

पहिल्या वर्षीची गोष्ट. पुनावळ्याच्या नूरबी आपल्या सुनेला, जमिलाला, बैलगाडीतून घेऊन आल्या. बाळ झाले, पण रडेना. नूरबी पितळी थाळी आणि पळी बरोबर घेऊनच आल्या होत्या. खेड्यात तशी रीतच होती, मूल रडले नाही की कानाशी थाळी बडवायची. त्यांनी ठणाठणा सुरुवात केली.

"नूरबी, थाळी खाली ठेवा," ताई म्हणाल्या.

"अगं पन त्याला जाग नको का आणायला?"

"जागाच आहे तो. त्याच्या कानात नाही, घशात अडकलंय. ठेवा म्हणते ना."

नूरबींनी थाळी ठेवली. ताईंनी मला उचलले. माझ्या फुग्यात जाड चिकटा सरसर आला, आणि मग ते पोर असे काही किंचाळले की बाहेर बैलांनी माना वळवल्या. नूरबी खाली बसल्या. थोड्या वेळाने उठून त्यांनी माझ्यावरून बोटे फिरवली आणि म्हणाल्या, "अल्ला तुझं भलं करो रे बाबा." काचेला दुवा देणारे माणूस मी तेवढेच पाहिले. पुढे पुनावळ्यात, चिखलीत माझे नाव झाले. बाया म्हणत, तिथे ताईंकडे एक काचेचा भोपळा आहे, तो लेकराला श्वास देतो. मी श्वास देत नाही, मित्रांनो. मी वाट मोकळी करतो. पण कौतुक मला आवडे, हे खोटे कशाला सांगू?

दरवेळी काम झाले की ताई माझ्या नळ्या धुऊन, उकळून, कोरड्या करून मला पुन्हा ट्रेमध्ये ठेवत. वर उकळलेले फडके झाकत. बाळाला गरज लागो न लागो, प्रत्येक बाळंतपणात मी त्यांच्या उजव्या हाताला असे. असे कितीतरी दिवस जात की मला कोणी हातही लावत नसे. मी थांबून असे. थांबणे हेही कामच आहे. पण हे ताईंखेरीज कोणालाच कळत नव्हते.

समितीचे अध्यक्ष उद्धवराव एकदा पाहणीला आले. ताई म्हणाल्या, "साहेब, अजून एक सकर हवा. निदान नळ्यांची एक जोडी तरी. रबर आहे, आज आहे उद्या नाही."

उद्धवरावांनी फडके उचलून मला पाहिले. "हा चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग? महिन्यातून कितीदा लागतो?"

"एकदा, दोनदा. कधी नाहीच."

"म्हणजे पहिलाच पडून असतो, आणि तुम्ही दुसरा मागताय," ते हसत म्हणाले. "ताई, तुमच्या घरी धूळ खायला दोन-दोन मिक्सर आहेत काय?"

"मिक्सर बिघडला तर चटणी राहते साहेब," ताई म्हणाल्या. पण उद्धवराव तोवर जीपमध्ये बसले होते.

पडून असतो. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो ऐकून माझ्या काचेला तडा गेला नाही याचे मला आजही नवल वाटते.

आता आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याची एक रीत सांगितली पाहिजे. इथे कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आठवडाभर यंत्रांशी झटणारा माणूस गुरुवारी घरी असतो आणि त्याचे हात शिवशिवत असतात. मग कोणाचा स्टोव्ह उघडला जातो, कोणाची सायकल उलटी होते, कोणाच्या स्कूटरचे पोट रिकामे केले जाते. आणि ज्याच्याकडे जे नसेल ते तो शेजारून आणतो. पाना, पकड, शिडी, बादली, सगळे या घरचे त्या घरी. त्यात गैर काही नाही, परमुलखात आलेली माणसे एकमेकांच्या आधारानेच राहतात. पण त्यातून एक खोड लागते. कुठल्याही वस्तूकडे पाहिले की ती कशासाठी आहे हे दिसत नाही, ती आपल्या कामाला कशी लावता येईल तेवढेच दिसते.

अशाच एका गुरुवारी सकाळी ताई मला ट्रेमध्ये मांडून चिखलीला एका बाळंतिणीला पाहायला सायकलवरून गेल्या. मागे राहिले मारुतराव. ते प्रसूतिगृहाचे शिपाई, जवळच्याच गावचे, मनाने सरळ. हत्यारे उकळायचा स्टोव्ह रिकामा झाला होता. रॉकेलचे पिंप परसात होते, पण पिंपातून रॉकेल काढायचा पत्र्याचा हातपंप जागेवर नव्हता. तो उद्धवरावांच्या घरी गेला होता, जरा वेळासाठी, आदल्या गुरुवारपासून.

मारुतराव पिंपाभोवती दोनदा फिरले. मग आत आले. त्यांनी फडके उचलले आणि माझ्या दोन्ही नळ्या तोट्यांवरून ओढून काढल्या. एक पुरेना म्हणून एकीचे टोक दुसरीत सरकवले. एक टोक पिंपात, एक तोंडात. ओढले, थुंकले, रॉकेल वाहू लागले. स्टोव्ह भरला. ताईंचेच काम केले त्यांनी, कोणाच्या घरचे नाही. मग नळ्या साबणाने धुतल्या, पुसल्या, मला पुन्हा लावल्या आणि वर फडके झाकले. नीट झाकले, चारही कोपरे सारखे.

मित्रांनो, रबराला रॉकेल चालत नाही. ते रबराच्या अंगात मुरते. रबर फुगते, लिबलिबीत होते, त्याची पकड जाते. मला ते तेव्हाच कळत होते. नळ्या माझ्या गळ्याशी सैल पडत होत्या आणि मी ओरडू शकत नव्हतो. काचेच्या या जन्मात एवढा संताप मला ना त्याआधी आला, ना त्यानंतर.

दुपारी कस्तुराला घेऊन तिचा नवरा ज्योतीराम आला. लातूरकडची माणसे, लग्नाला दीड वर्ष झालेले, पहिलेच बाळंतपण. ताई नुकत्याच परतल्या होत्या. कस्तुराच्या कळा जोरात होत्या, वेळ नव्हता. ताईंनी हात धुतले, एप्रन बांधला, माझा ट्रे उजव्या हाताला ओढला. मग बाळाभोवतीचे पाणी गेले. ते हिरवे होते.

"मारुतराव," ताई शांतपणे म्हणाल्या, "सायकल काढा. डॉक्टरांना घरून घेऊन या. लगेच."

"व्हय ताई," म्हणत ते पळाले.

मुलगी झाली. निळसर, ढिली, गप्प. तोंड हिरव्या चिकट्याने भरलेले. ताईंनी तिला कुशीवर केले, मला उचलले, लांब नळी ओठांत धरली. आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या बाजूला थुंकल्या. नळी माझ्या तोटीवरून सुटून त्यांच्या ओठांत तशीच लोंबत राहिली. आखूड नळी त्यांनी नाकाशी नेली. तिलाही तोच वास. रॉकेल मुरलेली नळी नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या घशात कशी घालणार?

त्यांनी मला बाजूला टाकले. बोटाला गॉज गुंडाळून तोंड पुसले. मग स्वतःचे तोंड त्या इवल्या तोंडाला लावून चिकटा ओढला, थुंकला, पुन्हा ओढला. पण जे खोल होते ते बोटाला लागत नव्हते आणि ओठांना येत नव्हते. तिथवर फक्त नळी पोहोचते. ती माझी जागा होती. मी एका हाताच्या अंतरावर पडून होतो. हो, त्या दिवशी मी खरोखरच पडून होतो.

"ताई, रडत कामून न्हाई ती?" कस्तुरा विचारत होती. "ताई? आवाज कामून येईना?"

त्या मुलीने दोन उचक्या दिल्यासारखे श्वास घेतले. रंग आला नाही. डॉक्टर आले तेव्हा ताई तिला फडक्यात गुंडाळून तशाच उभ्या होत्या.

सुट्टीचा दिवस, त्यामुळे बाहेर वसाहतीतली माणसे जमली होती. उद्धवरावही आले. ताईंना आतल्या खोलीत घेऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"झालं ते वाईटच झालं. पण आता शब्द जपून वापरा. बाळ पोटातच गेलं होतं, असं सांगा. कोणाला त्रास नको."

"माझ्या हातात श्वास घेतलाय तिनं."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना कळून काय होणार आहे? दुःख वाढेल फक्त."

"कोणाचं?" ताईंनी विचारले. "आणि हातपंप पाठवून द्या तुमच्या घरून. समितीचा आहे."

त्यांनी मला ट्रेसकट उचलले आणि सरळ बाहेर ज्योतीरामपुढे नेले. "ज्योतीराम, तुमची मुलगी जिवंत जन्मली होती. तिचा घसा भरला होता. तो मोकळा करायची वस्तू ही. हिचा वास घ्या."

ज्योतीरामने वास घेतला. मारुतराव सायकल हातात धरून उभे होते. त्यांना उमगायला वेळ लागला नाही.

"मी परत ठेवली व्हती की," ते म्हणाले. "साबनानं धुऊन ठेवली. पंप न्हवता, आन् ही... ही नुसतीच पडून व्हती, म्हनून घेतली."

ज्योतीराम त्यांच्याकडे बघत राहिला. हात उगारेल असे सगळ्यांना वाटले. त्याने उगारला नाही.

"पडून नव्हती, मारुतराव," तो म्हणाला. "माझ्या लेकीसाठी थांबली होती."

आणि तो कस्तुराकडे आत गेला.

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून नळ्यांच्या तीन जोड्या आणि एक नवा सकर आला. वर्षभर मागून जे मिळत नव्हते ते एका दिवसात आले. लोक चांगले म्हणून ते आले असे तुम्ही समजाल, तर समजा. मला मात्र ती नवी कोरी नळी अंगाला लागली तेव्हा आनंद झाला नाही. इतक्या जवळ होती ती, इतकी सोपी होती, तर काल कुठे होती?

मारुतरावांना कोणी कामावरून काढले नाही. ताईंनीच काढू दिले नाही. त्या त्यांच्याशी कामापुरतेच बोलत, पण बोलत. महिन्याभराने वसाहतीतला एक तरुण दारात आला आणि हसत म्हणाला, "मारुतराव, जरा नळी द्या की राव. स्कूटरमधलं पेट्रोल काढायचंय. आत्ता आणून देतो परत."

मारुतराव स्टुलावरून उठले. "तुझ्या नरड्यातली हाय ना, ती उपसून ने," ते म्हणाले. "आन् पुन्यांदा या दारात हात पसरून आलास, तर स्कूटर तुझ्या डोक्यावर घालीन." तो तरुण गेला. मारुतराव बराच वेळ माझ्या ट्रेशी उभे राहिले. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी थोडा उतरला. सगळा नाही.

दोन वर्षांनी कस्तुरा पुन्हा आली. गावाकडची माणसे म्हणत होती की त्या दवाखान्यात पाऊल टाकू नकोस, इकडे ये. ती गेली नाही. कळा सुरू झाल्यावर ती ज्योतीरामच्या खांद्याला धरून चालत आमच्या दारात आली, पण खाटेवर चढेना.

"चढ गं," ताई म्हणाल्या.

"आदी नळी दाखवा."

ताईंना ती ओरडून बोलली असती तरी चालले असते. ती ओरडली नाही. ताईंनी हात धुतले, फडके उचलले, ट्रे तिच्यापुढे धरला. कस्तुराने हात न लावता वाकून दोन्ही नळ्यांचा वास घेतला. मग तोट्यांकडे बोट करून विचारले, "घट हायेत का?" ताईंनी नळी ओढून दाखवली. सुटली नाही. "दुसरी जोडी?" ताईंनी तीही दाखवली. एक कळ आली, ती दात आवळून तिने उभ्यानेच सोसली आणि मगच ती खाटेवर चढली.

शेजारच्या खाटेवर चिखलीची एक बाई होती. तिला अजून वेळ होता. ती उठून बसली आणि म्हणाली, "ताई, मला पन दाखवा."

तिथून ही रीत पडली. वसाहतीतली बाई असो, चिखलीची असो, पुनावळ्याची असो, खाटेवर चढण्याआधी ती नळी पाहायला मागू लागली. सासवा सुनांना शिकवून पाठवू लागल्या. नवे डॉक्टर आले, त्यांना हा अपमान वाटला. ताईंनी त्यांना सांगितले, "वाटू द्या. पण ट्रे पुढं धरा." उद्धवरावांच्या स्वतःच्या मुलीनेही बाळंतपणाला येऊन नळी मागितली, आणि ती दाखवताना मारुतराव तिच्या वडिलांकडे बघत होते.

आता पायाने चालवायचे नवे यंत्र आले आहे, प्लास्टिकचे सकर आले आहेत. म्हणून मी कपाटात आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. नवे चांगले असेल तर जुन्याने बाजूला व्हावे. माझे मागणे वेगळे आहे, आणि ते मी विनवून सांगत नाही, रागानेच सांगतो. विस्तव विझवायची वाळूची बादली, विहिरीवरचा दोर, दवाखान्यातली नळी, अशा वस्तू दिवसचे दिवस कोणाच्या हाताला लागत नाहीत. तुम्हाला त्या रिकाम्या दिसतील. त्यांना हात लावू नका. कोणी नेत असेल तर अडवा, मग तो वयाने कितीही मोठा असो. आणि तुमच्या घरातले माणूस दवाखान्यात निजायला जाईल तेव्हा लाजू नका, वस्तू जागेवर आहे का ते विचारा. विचारणाऱ्याला लोक उद्धट म्हणतात. म्हणू द्या.

नळीचा वास घेऊन ती खाटेवर चढली त्या दिवशी कस्तुराला मुलगा झाला. तो बाहेर येता येताच रडला, इतका की ताईंना हसू आले. त्याला माझी गरज पडली नाही. ताईंनी त्याला पुसले, उबदार दुपट्यात घातले आणि आईच्या छातीवर ठेवले. मी त्यांच्या उजव्या हाताला होतो, नळ्या घट्ट, कोरड्या, स्वच्छ. कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात त्याच्याहून चांगला दिवस मला आठवत नाही.